ती केशरी खूण कुठे गेली हो?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या भाचीचं एक शुद्धिपत्रक हुकलं. भरतीचा फॉर्म भरलेला, फी भरलेली, पोरगी रोज सकाळ-संध्याकाळ त्या खात्याची वेबसाइट उघडून बघायची, आणि नेमकं घरात लग्न होतं म्हणून तीन दिवस बघितलं नाही तर त्याच तीन दिवसांत कोपऱ्यात बारीक अक्षरात एक पीडीएफ येऊन पडली, कागदपत्रं अपलोड करायची तारीख अलीकडे आणलेली. खात्याचं नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच पीडीएफ आली पण तारीख उलटून गेल्यावर, सोबत गुड मॉर्निंगची फुलं.

आता यावरचा उपाय काही नवीन नाही, 1999 पासून आहे आणि फुकट आहे. आरएसएस फीड. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या कंपनीत ज्यांनी हे पहिल्यांदा केलं त्यात आयआयटी मद्रासला शिकलेले रामनाथन गुहा होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. साइटवर काही नवीन आलं की मथळा, तारीख, लिंक असं एका साध्या फाइलमध्ये आपोआप नोंदवलं जातं आणि आपला फीड रीडर, म्हणजे फीड वाचायचं अॅप, ती फाइल अधूनमधून जाऊन बघतो. म्हणजे पेपर आला का म्हणून स्टँडवर खेपा घालायच्या नाहीत, दारात येऊन पडतो. ईमेल द्यायचा नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही, आणि काय आधी दाखवायचं ते कुठलं अल्गोरिदम ठरवत नाही.

लोकांना वाटतं हे बंद पडलं. गूगलचा फीड रीडर, गूगल रीडर, 1 जुलै 2013 ला बंद झाला तेव्हा मलाही तसंच वाटलेलं, अक्षरशः घरातलं माणूस गेल्यासारखा बसलो होतो (बायको अजून हसते). पण माझ्या फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्या एका रीडरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) उतरवून घेतली, फीडली नावाच्या दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये पण चालतं. तुम्ही पॉडकास्ट ऐकता ना, ते एपिसोड फोनमध्ये येतात ते बहुतेक याच फीडवरून. वर्डप्रेसवरच्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी नुसतं /feed असं लिहून बघा, बऱ्याचदा निघतं. रिझर्व्ह बँक देते, केंद्र सरकारची पत्रकं काढणारी पीआयबी देते, मग भरती काढणाऱ्या खात्यांनाच काय जड जातंय?

आणि साहेब, राग मानू नका, पण तुमच्या साइटवर पण मला फीडची ती केशरी खूण (केशरी चौकोनात एक ठिपका आणि दोन कमानी) सापडत नाही. त्याऐवजी साइट उघडली रे उघडली की नोटिफिकेशन अलाउ करा म्हणून घंटी समोर येते. एकदा हो म्हटलं तर दिवसभर कुठल्या हिरोइनने काय घातलं ते वाजत राहिलं, आमच्या तालुक्याची पाणीपुरवठ्याची बातमी मात्र एकदाही वाजली नाही. जाहिरातींचं गणित मला कळतं, लोक रीडरमध्येच सगळं वाचून मोकळे झाले तर तुमच्या साइटवर कोण येणार. मग अख्खी बातमी नका देऊ ना, मथळा आणि दोन ओळी द्या, वाचायला आम्ही तुमच्याकडेच येतो. मी तर उलट जास्त वेळा येईन.

सगळ्या पेपरची एकच फीड पण नको, दिवसाला दोनशे बातम्या साठतात आणि मग न वाचलेल्यांचा आकडा बघूनच माणूस रीडर बंद करतो. जिल्हा पानाची वेगळी, अग्रलेखाची वेगळी आणि सरकारी जाहिराती-शुद्धिपत्रकं एवढीच असलेली तिसरी. तिसरी आधी केलीत तर बरं होईल, भाचीने परत दोन ठिकाणी फॉर्म भरलेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड