अंगठा कुणाचा?

मा. संपादक,
स. न.

दसरा उलटला की आमच्या वडवणी, धारूर, केज भागातून ट्रॅक्टर भरभरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्यांच्या बुडणाऱ्या शाळेबद्दल पुष्कळ छापून येतं. मला लिहायचंय ते घरी गेल्यावर 'आलास का' असं ज्याला कुणी म्हणत नाही, त्या पोराबद्दल.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. सहावीत एक मुलगा होता, माय वारलेली. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. नव्या आईच्या कडेवर तान्हं आलं आणि थोरला बहिऱ्या आजीपाशी राहिला.

गाव त्याला 'पांढऱ्या पायाचा' म्हणायचं. मायला खाल्लं म्हणे! वर्गात कुणाचं काही हरवलं की आधी त्याचंच दप्तर झाडलं जायचं. एकदा त्याच्या प्रगतिपुस्तकात पालकांच्या सहीच्या जागी निळा अंगठा दिसला. बाप तर उसाच्या फडावर, आणि ठसा एवढासा. मी त्याला भर वर्गात उभं करून छडी मारली. "मग कुणाचा लावू, गुरुजी?" म्हणाला. उलट बोलतो म्हणून मी आणखी एक दिली.

त्यानंतर तो हजेरीला 'हजर' म्हणायचाच बंद झाला. मग स्टँडमागच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर दिसू लागला. तिथं त्याला चहा मिळायचा, नावानं हाक मिळायची, दप्तर कुणी तपासत नव्हतं. पोरगं वाया गेलं असं गाव म्हणालं, तेव्हा मीही मान डोलावली होती. चौदाव्या वर्षी बापानं त्याला आपल्याबरोबर नेलं, पण लेक म्हणून नव्हे, ऊस तोडायला हात वाढला म्हणून.

शासनानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आणली आहे. गावोगावी हंगामी वसतिगृहंही चालतात. ताट वाढलं जातं, हे थोडं नाही. पण पोराची विचारपूस कुणी करायची, हे कुठल्या नोंदवहीत येत नाही. आता टोळीत प्रत्येकाकडे मोबाइल आहे. रविवारी संध्याकाळी कोपीवर, आईबापाच्या फडावरच्या झोपडीत, फोन लावून द्यायला अधीक्षकांना काय खर्च येतो? आणि पालकसभा डिसेंबरात कशाला? तेव्हा पालक असतात कुठं!

उचलीच्या कागदावर अंगठा घ्यायला टोळी जमवणारा मुकादम घरापर्यंत येतो. शाळेनंही त्याच दिवसांत, दसऱ्याआधी, प्रगतिपुस्तक घेऊन त्याच ओट्यावर बसावं. पोराला शेजारी बसवून.

– एक निवृत्त शिक्षक, वडवणी (जि. बीड)