लाल रेघेबद्दल आभार

प्रिय ताई,

काही महिन्यांपूर्वी मी तुम्हाला पिक्सेल आर्टमधला, म्हणजे पडद्यावरच्या छोट्या चौकोनी ठिपक्यांनी काढलेला, एक कुत्रा पाठवला होता. ३२ बाय ३२ पिक्सेलचा, तपकिरी, चार पायांवर उभा. सोबत प्रश्न होता, "रंग कोणते घेऊ? काही केल्या हा मेंढीसारखाच दिसतोय." तुम्ही रंगांबद्दल चकार शब्द काढला नाहीत. माझंच चित्र मोठं करून त्यावर लाल रेघेनं कणा, बरगड्यांचा अंडाकार पिंजरा आणि कमरेचं हाड काढून परत पाठवलंत. खाली एकच ओळ होती: "याच्या मागच्या पायाचा गुडघा कुठे आहे, दाखव."

मी पायाच्या मध्यावर, मागे वळलेल्या सांध्यावर बोट ठेवलं. ती टाच निघाली! कुत्रा बोटांवर चालतो, टाच हवेत असते आणि खरा गुडघा वर पोटाजवळ, पुढे वाकलेला असतो. पुढच्या पायात ज्याला मी गुडघा समजत होतो ते मनगट. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. इतकी वर्षं प्राणी बघत आलो, पण टेबलाचे पाय काढावेत तसे त्यांचे पाय काढत होतो.

मग तुम्ही मला महिनाभर पिक्सेलला हात लावू दिला नाहीत. कागद, पेन्सिल आणि रोज वीस रेखाटनं, प्रत्येकी तीस सेकंदांची. आधी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच वाहती रेघ, मग डोकं, छाती आणि कंबर असे तीन गोळे, पाय सगळ्यात शेवटी. पहिला आठवडा मला वैताग आला होता, हे आज कबूल करतो. तीस सेकंदांत कान-डोळे काढायला वेळच उरत नाही, आणि म्हणूनच वजन कुठल्या पायावर आहे हे आधी बघावं लागतं, हे नंतर उमगलं.

पिक्सेलकडे परत आलो तेव्हा या सगळ्याचा अर्थ लागला. १६ बाय १६ च्या चौकटीत मिळून २५६ पिक्सेल. त्यात पाय दोन पिक्सेल रुंद. टाचेचा एक पिक्सेल मागे सरकवला की कुत्रा उभा राहतो, सरळ रेषेत ठेवला की पुन्हा टेबल. मोठ्या चित्रात दहा चुकीच्या रेघा केसांत लपतात, इथे लपायला जागाच नाही. म्हणून जागा जितकी कमी तितकी शरीररचना जास्त पक्की हवी, असं माझं ठाम मत झालंय. तुमची काळ्या आकृतीची कसोटी मी आता प्रत्येक चित्राला लावतो: आतले सगळे रंग पुसून आकार काळा भरायचा आणि प्राणी ओळखू येतो का बघायचं. मांजर आणि कोल्हा यांच्यातला फरक तेव्हा नाकाडाच्या लांबीत आणि शेपटीच्या जाडीत उरतो, रंगात नाही.

छायेचंही तसंच. मी कडेनं गडद आणि मध्ये उजळ असं सगळीकडून रंगवायचो, त्यामुळे प्राणी उशीसारखा फुगलेला दिसायचा. तुम्ही पेन्सिलीनं अंडं आणि नळकांडं रंगवायला लावलंत, प्रकाश एकाच बाजूनं. आता पोट आपोआप गडद होतं आणि पलीकडचे दोन पाय एका छटेनं मागे जातात. चौदा रंगांवरून मी पाचांवर आलो. सावली थोडी निळसर, उजेड थोडा पिवळसर, बस.

पाठीच्या वळणाचं राहिलंच. वळण पिक्सेलच्या पायऱ्यांनी बनतं; त्या पायऱ्यांची लांबी सहा, चार, दोन, एक पिक्सेल अशी उतरत गेली तर पाठ गुळगुळीत दिसते. मध्येच दोनानंतर तीन आले की तिथे टेंगूळ येतं. हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, मी त्यावर एक अख्खा रविवार घालवला.

चित्रांच्या मालिकेतून घोडा पळताना दाखवायला घेतला तेव्हा तुम्ही छायाचित्रकार मायब्रिज यांची पळत्या घोड्याची १८७८ सालची छायाचित्रं बघायला सांगितलीत. चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये नेमकं उलटं होतं.

तुम्ही माझा कुत्रा दोन मिनिटांत दुरुस्त करून देऊ शकला असतात. मग माझ्याकडे एक चांगला कुत्रा असता आणि पुढची गाय पुन्हा मेंढीच झाली असती. तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तरासाठी थांबलात, दर वेळी, स्वतःची कामं बाजूला ठेवून. त्याबद्दल मनापासून आभार.

सोबत दबा धरून बसलेलं मांजर पाठवतोय. खांद्याचं हाड कण्याच्या वर येतं म्हणून तिथे एक पिक्सेल उंच घेतलाय. मानेजवळ मात्र काहीतरी खटकतंय. सवड झाली की त्यावर लाल रेघ ओढा.

तुमचा विद्यार्थी