टंचाई पावाची होती, गाण्याची नव्हे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला युद्धानंतरच्या ब्रिटिश संगीतावरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सकाळी चहा बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

'संगीताचा दुष्काळ' हे शब्द लेखकाने तीन वेळा वापरले आहेत. जिथे खायलाच मिळत नव्हतं तिथे गाणं कुठून येणार, असा त्यांचा रोख. खायला मिळत नव्हतं हे खरं आहे. युद्ध चालू असताना मोकळा मिळणारा पाव युद्ध जिंकल्यावर, १९४६च्या जुलैत, रेशनवर गेला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत कॉव्हेंट गार्डनचं ऑपेरागृह पुन्हा उघडलं. युद्धाच्या काळात तिथे नाचाचा हॉल चालत होता. सप्टेंबरात बीबीसीचा थर्ड प्रोग्राम, म्हणजे अभिजात संगीत-साहित्याला वाहिलेलं रेडिओ केंद्र, सुरू झालं. लंडनमध्ये १९४५ला फिलहार्मोनिया, १९४६ला कंडक्टर (वाद्यवृंदाचे संचालक) बीचम यांचा रॉयल फिलहार्मोनिक, असे वर्षाच्या आत दोन नवे ऑर्केस्ट्रा उभे राहिले. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा तर युरोपातलं युद्ध संपून महिना होतो न होतो तोच, ७ जून १९४५ला रंगमंचावर आला. याला दुष्काळ म्हणायचं? १९४७च्या फेब्रुवारीत कोळशाअभावी थर्ड प्रोग्राम काही दिवस बंद ठेवावा लागला, एवढं मी मान्य करते.

हे मी फक्त वाचून सांगत नाही. १९७४ ते ७७ मी मँचेस्टरच्या एका रुग्णालयात डॉक्टर होते आणि एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. तरुणपणी बाई सूतगिरणीत कामाला होत्या. मँचेस्टरचं मैफलींचं सभागृह, फ्री ट्रेड हॉल, १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, तेव्हा शहराच्या हॅले ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम बेल व्ह्यूच्या प्राणिसंग्रहालयातल्या किंग्ज हॉलमध्ये होऊ लागले. तो हॉल सर्कशीचा. बाई सांगायच्या, अंगातला कोट न काढता बसायचं, आणि व्हायोलिनची हळुवार जागा आली की बाहेरून जनावराचा आवाज यायचा. कोणी हसत नसे. समोर उभे असायचे कंडक्टर जॉन बार्बिरोली. न्यूयॉर्क सोडून १९४३ला आले तेव्हा हॅलेत पंचवीसेक वादकच उरले होते आणि त्यांनी महिनाभरात पुन्हा ऑर्केस्ट्रा उभा केला. बाई त्यांना 'सर जॉन' म्हणायच्या, आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव घेतात तशा.

आणि गायिका कॅथलीन फेरियर! माझा खरा राग इथे आहे. दीड पानाच्या लेखात त्यांचं नाव एकदाही नाही. ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली ही मुलगी. १९४७ला एडिंबरोचा पहिला महोत्सव झाला. नाझींच्या काळात ज्यू म्हणून व्हिएन्नाला मुकलेले कंडक्टर ब्रूनो वॉल्टर तिथे व्हिएन्नाच्याच ऑर्केस्ट्रासमोर पुन्हा उभे राहिले. तेव्हा माहलर या संगीतकाराची रचना गायला फेरियर होत्या. १९५१च्या नोव्हेंबरात फ्री ट्रेड हॉल पुन्हा उघडला तेव्हाही त्या गायल्या. बाईंना तिकीट मिळालं नव्हतं. त्या बाहेर थंडीत उभ्या होत्या. पुढे १९५३च्या फेब्रुवारीत कॉव्हेंट गार्डनला ऑपेराचा प्रयोग चालू असतानाच फेरियर यांचं मांडीचं हाड मोडलं. कर्करोग हाडांत पोहोचला होता. मी डॉक्टर आहे, असं हाड मोडतं तेव्हा माणूस कसा ओरडतो ते मी वॉर्डात ऐकलं आहे. त्यांनी उरलेला प्रयोग पुरा केला. ऑक्टोबरात त्या गेल्या, ४१व्या वर्षी. हे सांगताना बाईंचा आवाज वीस वर्षांनंतरही बसायचा. मी परत निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातात फेरियर यांची रेकॉर्ड ठेवली. ती आजही माझ्या कपाटात आहे. काल लेख वाचून झाल्यावर ती लावली.

लेखाच्या शेवटी लेखक आपल्याकडच्या सरकारी अनुदानांकडे वळले आहेत. पोटापाण्याची सोय झाल्यावर मग कलांचं बघू, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनने कलांना सरकारी अनुदान देणारं आर्ट्स कौन्सिल स्थापन केलं तेव्हा तिथे कपडेसुद्धा कूपनवर मिळत होते. १९४८च्या कायद्याने नगरपालिकांना मालमत्तेच्या करपात्र मूल्यातल्या दर पौंडामागे सहा पेनीपर्यंत कर संगीत-नाटकांवर खर्चायची मुभा मिळाली, तेव्हाही पाव रेशनवरच होता किंवा नुकता सुटला होता. एवढी माहिती लेखकाने काढायला हवी होती.

लेखासोबत 'अल्बर्ट हॉल' म्हणून छापलेला फोटो अल्बर्ट हॉलचा नाही. तो थेम्सकाठचा रॉयल फेस्टिव्हल हॉल आहे, ३ मे १९५१ला उघडलेला. अल्बर्ट हॉल गोल आहे. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आणखी एक. शहरातल्या मैफलींची माहिती देणारं गुरुवारचं सदर जूनपासून बंद आहे. कार्यालयात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'कळवतो' असं सांगितलं गेलं. गेल्या महिन्यात मला ऐकायचंच होतं असं एक गाणं झालं आणि ते मला दुसऱ्या दिवशी भाजी घेताना कळलं. सदर पुन्हा कधी सुरू होणार, ते कृपया कळवावं.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे