अठराव्या दिवशीच्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज पहाटे चारचा, मी वाचला सातला. 'उत्तेजक गोळ्या सोडून अठरा दिवस झाले. त्रास असा काही राहिला नाही, पण काहीच वाटत नाही रे. हेच जर आयुष्य असेल तर आधीचं काय वाईट होतं?' लगेच फोन लावला, तू उचलला नाहीस. मग कागदच घेतला. सप्रेम नमस्कार वगैरे तुझ्यामाझ्यात शोभायचं नाही, तेव्हा थेट बोलतो.

त्रास संपलाय असं तुला वाटतंय, तिथेच गफलत आहे. हे 'काहीच वाटत नाही' म्हणजेच त्रास. पहिल्या आठवड्यात जे झालं ती नुसती सुरुवात होती. पण ती दिसणारी होती, म्हणून घरच्यांनाही कळली आणि तुलाही. माझे पहिले चार दिवस झोपेत गेले की बेशुद्धीत, अजून सांगता येत नाही. उठायचं, हाताला लागेल ते खायचं, परत आडवं व्हायचं. स्वप्नं इतकी खरी की स्वप्नात गोळी घेतली म्हणून जागेपणी तासभर अपराधी वाटत राहायचं. ती स्वप्नं तुलाही पडत असतील तर घाबरू नकोस, बहुतेकांना पडतात. त्यात तू घसरलेला नसतोस.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) त्यानंतर. दहाव्या-अकराव्या दिवसाची गोष्ट. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो, एक मोजा पायात, दुसरा हातात. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. परत पाहिलं तेव्हा दहाला पाच कमी, आणि दुसरा मोजा हातातच. मी दुःखी नव्हतो बरं का. दुःखी माणूस निदान रडतो तरी. माझ्याकडे तो मोजा चढवण्यासाठी लागणारं कारणच नव्हतं. घरचे म्हणाले, आळस. मीही तेच म्हणालो, आणि स्वतःला असं झोडपणं महागात पडलं. कारण आळशी म्हटलं की त्यावरचं औषध ठाऊक असतं: एकच गोळी, फक्त आजच्यापुरती.

असं का होतं ते कळल्यावर मला जरा धीर आला, म्हणून तुलाही सांगतो. मेंदूतल्या डोपामीनला लोक 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण एखादी गोष्ट करावीशी वाटणं, तिच्यासाठी उठणं, हेही बरंचसं त्याच्यावर चालतं. डोपामीन पेशीत परत शोषलं जाण्याची वाट कोकेन अडवतं. ॲम्फेटामीन आणि मेथ (मेथॅम्फेटामीन) ही उत्तेजकं तर उलट्या दिशेने पंप चालवल्यासारखं ते बाहेर ओततात. रोजच्या या पुरापुढे मेंदू आपली दारं बारीक करून घेतो. पूर थांबतो, दारं मात्र लगेच उघडत नाहीत. मग साध्या गोष्टींची जी बारीकशी धार असते ती आत पोचतच नाही. तू आज जगाची चव घेतोयस ती भाजलेल्या जिभेने. त्यावरून पदार्थ बेचव ठरवू नकोस.

किती दिवस, हे तू विचारणारच. 1986 मध्ये गॉविन आणि क्लेबर या दोन डॉक्टरांनी कोकेन सोडणाऱ्यांचे टप्पे मांडले: आधी काही तास ते चार दिवसांचं कोसळणं, मग एक ते दहा आठवड्यांची ही सपाट अवस्था, आणि पुढे अधूनमधून उठणारी तलफ. नंतर रुग्णालयात ठेवून पाहिलेल्या लोकांमध्ये टप्पे इतके आखीव दिसले नाहीत, त्रास हळूहळू उतरत गेला. तेव्हा कॅलेंडरवर फुल्या मारत बसू नकोस. पण अठरावा दिवस म्हणजे शेवट नव्हे, एवढं नक्की. मेथ सोडलेल्या पाच जणांचे मेंदू 2001 च्या एका अभ्यासात दोनदा तपासले होते. वर्ष-दीड वर्षानंतर डोपामीन वाहून नेणाऱ्या यंत्रणेत चांगली सुधारणा दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी नाही. दोन्ही सांगतोय, कारण नुसतं गोड सांगितलं तर तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस.

आणखी एक ऐक, हे मला कुणी वेळेत सांगितलं नव्हतं. तलफ दिवसागणिक कमीच होत जाते असं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत तर उलटं दिसलंय: बंद केल्यावर सुरुवातीचे काही आठवडे, जुनी खूण दिसली की ओढ वाढतच जाते. माझी खूण म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाचा तो चुर्र आवाज. महिन्याभराने कुणीतरी डोकेदुखीची साधी गोळी काढली आणि माझ्या तळहातांना घाम फुटला. मी उठून बाहेर गेलो, अर्धा तास नुसता चालत राहिलो. ओढ चढली, तशी उतरलीही. तिच्याशी वाद घालू नकोस, तिच्यापेक्षा जास्त वेळ टिक म्हणजे झालं. गोळ्या देणाऱ्याचा तो नंबर फोनमधून काढलास का? 'पाठ आहे, मग काढून काय उपयोग' हे उत्तर मी स्वतः दिलंय, तेव्हा ते चालणार नाही. आणि चुकून घेतलीसच, तर जुन्या मापाने तर मुळीच नाही. शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वी पचलेलं आता जिवावर बेतू शकतं. छातीत दुखलं, झटका आला तर लाज न बाळगता दवाखाना गाठायचा.

आता सरळ विचारतो. मरून जावं असं मनात येतं का? दारू अचानक सोडताना शरीरालाच धोका होऊ शकतो. आपल्या प्रकारात शरीर सहसा निभावतं, धोका या विचारांचा असतो. मला आले होते, तिसऱ्या आठवड्यात, अगदी शांतपणे, कामाच्या यादीत एखादं काम असावं तसे. मी डॉक्टरांना सांगितलं आणि काही दिवस एकटा राहिलो नाही. तुलाही येत असतील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आत्ता मला फोन कर, वेळ बघू नकोस. गोळीच्या ओढीवर अजून ठरलेलं असं औषध नाही, पण नैराश्यावर आणि झोपेवर उपचार होतात. नशेची चाचणी स्वच्छ आली की लगेच छोटंसं बक्षीस देण्याची एक पद्धत आहे. ऐकायला पोरकट वाटते, मलाही हसू आलं होतं. पण या व्यसनात सगळ्यात चांगला परिणाम तिचाच दिसलाय, तेव्हा तुझ्या डॉक्टरांना विचार.

परत काय आलं आधी, सांगू? आनंद नाही. वैताग. दोन-अडीच महिने झाले असतील. माझ्या खुर्चीचा एक पाय कित्येक दिवस डुगडुगत होता आणि मला त्याचं काही नव्हतं. एका दुपारी अचानक इतका राग आला की मी पान्हा शोधला, खुर्ची उलटी केली, तिचा नट आवळला. पाच मिनिटांचं काम. सरळ करून बसलो तेव्हा लक्षात आलं, आज मला कुणी उठवलं नव्हतं. हसू वगैरे बरंच नंतर आलं, तेही एका अगदी भिकार विनोदावर. तुझाच होता तो.

शनिवारी सकाळी दहाला येतोय. तयार राहा असं म्हणत नाही. एक मोजा घातलेला असला तरी चालेल, दुसरा आल्यावर बघू.

तुझाच,
मी