काचबिंदूच्या लेझर यंत्रासाठी आवाहन: गावकरी आणि मुंबईकर मंडळींना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

उद्या सकाळी हा मजकूर छापखान्यात द्यायचा आहे, त्यामुळे चुकभूल पोटात घालावी. चाकरमानी गणपतीला गावी यायच्या आत पत्रक वाडीवाडीत पोचायला हवं.

आपला नेत्र दवाखाना 1988 साली सुरू झाला तो एका पडवीत, दोन बाकडी आणि एक टॉर्च एवढ्यावर. त्या पडवीचं भाडं मालकांनी नऊ वर्षांत एकदाही मागितलं नाही. डोळे तपासायचा पहिला स्लिट लॅम्प आला तो परळच्या गिरणीत आयुष्य काढलेल्या आपल्याच एका गाववाल्याच्या हिशेबाच्या पैशातून. संप होऊन गेला होता, नोकरी गेली होती, घरात दोन मुली लग्नाच्या. तरी माणूस एसटीतून उतरला तो थेट दवाखान्यात. "तुमच्या नावाची पाटी लावू का?" असं विचारलं तर म्हणाले, "पाटी कसली लावताय, त्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावा." तो तक्ता आजही तिथेच आहे. लॅम्पचे बल्ब किती बदलले त्याची गणती नाही, पण लॅम्प तोच. पुढे बचत गटाच्या बायकांनी पापड विकून पंखे दिले, गुरुजींची लेक दुबईहून दर जूनला न चुकता औषधांचे पैसे पाठवते, आणि आपला रिक्षावाला भाऊ म्हाताऱ्या पेशंटकडून आजतागायत भाडं घेत नाही. या सगळ्यांच्या जिवावर मोतीबिंदूची शिबिरं झाली, तीही तुम्ही पाहिली आहेत.

आता काचबिंदूकडे वळू. नाव मोतीबिंदूसारखं असल्यामुळे घात होतो. "पिकू दे, मग काढू," म्हणून माणसं थांबतात. काचबिंदू पिकत नाही आणि काढताही येत नाही. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) बाहेर जायची बारीक जाळी नीट चालेनाशी झाली की आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. साधारण दाब 10 ते 21 (मिलिमीटर पारा) धरतात, पण काहींची नस त्या दाबातही खराब होते. आधी बाजूचं दिसणं जातं, समोरचं शाबूत राहतं, त्यामुळे कळतच नाही. मागच्या महिन्यात एक काका आले ते चष्म्याचा नंबर बदलायला. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटून काळानिळा झालेला, दाब निघाला 34. जे दिसणं गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

त्यासाठी थेंब असतात, रोज, जन्मभर. आमच्या एका आजींनी बाटली तांदळाच्या डब्यात जपून ठेवली होती, "महाग आहे हो ती." थरथरत्या हाताने घातलेल्या तीन थेंबांतले दोन गालावर. अशांपैकी बऱ्याच जणांना एसएलटी लेझरचा उपयोग होतो, म्हणजे त्या बारीक जाळीवर लेझर मारून पाण्याची वाट सुधारायची. डोळा बधिर करायचा थेंब, डोळ्यावर एक भिंग, पाच-दहा मिनिटांचं काम. टाका नाही, पट्टी नाही, दाब पुन्हा तपासून त्याच दिवशी घरी. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाच्या अभ्यासात, लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. लेझरचा गुण काही वर्षांनी उतरू शकतो, मग पुन्हा करता येतं. सगळ्यांना चालत नाही, तपासणी सोडता येत नाही, हेही सांगून ठेवतो. यंत्र याग लेझरसह घेतोय, म्हणजे अरुंद कोनाच्या, म्हणजे पाणी जायची वाटच चिंचोळी असलेल्या काचबिंदूला बुबुळात बारीक छिद्र पाडता येईल आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे येणारी धूसर जाळीही साफ होईल. आज यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. चिठ्ठी देतो, पण निम्मे जातच नाहीत.

थोडं मनातलं. शिमग्याला सहाणेजवळ, पालखी बसते तिथे, टेबल टाकून दोन दिवस पावतीपुस्तक घेऊन बसलो होतो. तीन पावत्या फाटल्या, त्यातली एक आमच्याच खजिनदारांची. त्याच आठवड्यात कमानीच्या रंगाला पैसे जमले. कमान देखणी झाली आहे, नाही म्हणत नाही.

यंत्राला 29 लाख लागतात, जमा 11 लाख 40 हजार, दसऱ्यापर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे छापला आहे. रोख 2000 रुपयांवरच्या देणगीला 80जी ही आयकर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्यावी, पॅन कळवावा. पावतीशिवाय कुणालाही पैसे देऊ नयेत. पैसे जमत नसतील तर चाळिशी ओलांडलेल्यांनी गुरुवारी दाब तरी तपासून घ्यावा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी नक्की.

आपला,
सचिव

ता. क. शिमग्याला आमच्या टेबलावर कुणाची तरी काळी छत्री राहिली आहे. कार्यालयातून घेऊन जावी.