खालच्या मजल्यावरच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलंय. माझ्यासारख्या कितीतरी आज्या आत्ता या घडीला नातवंडाचं इसबाने सोललेलं अंग डाळीच्या पिठाने चोळत बसल्या असतील, हे मनात आलं की मला चैन पडत नाही.

गेल्या मार्गशीर्षातली नाशिकची थंडी आठवते ना? नात तेव्हा पावणेदोन वर्षांची. गाल लालभडक, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत कातडी सोलवटलेली, मनगटांना भेगा. रात्री दीड वाजला की खाजवायला सुरुवात व्हायची. मुलगा सातपूरला रात्रपाळीला, त्यामुळे सून आणि मी पाळीपाळीने तिचे हात धरून बसायचो. सकाळी अभ्रा काढला की त्यावर रक्ताचे बारीक ठिपके. मी ते सुनेच्या नजरेला पडायच्या आत धुवायला टाकायची.

कुणी म्हणे उष्णता, कुणी नायटा, कुणी खरूज. मी दृष्टसुद्धा काढली. हळद-साय लावली, कडुनिंबाचा पाला घालून कढत पाण्याने अंघोळ घातली, ओव्याची धुरी दिली. माझ्या तिन्ही पोरांना याच हातांनी न्हाऊमाखू घातलं होतं, म्हणून हातांवर विश्वास होता. मग औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेली एक ट्यूब आणली. दोन दिवसांत अंग असं काही स्वच्छ झालं की मी देवापुढे साखर ठेवली. ट्यूब संपली आणि आठवड्यात दुपटीने उठलं.

त्या रात्री अडीचला तुम्ही दार वाजवलंत. मला वाटलं, रडण्याने झोपमोड होते म्हणून बोलायला आलात. मी माफी मागायला लागले, तर तुम्ही विचारलंत, ‘हात कुठे धुऊ?’ मग आमच्या फ्रिजमध्ये पाहिलंत, टेकवायला गार काही सापडेना, म्हणून खाली जाऊन तुमच्या फ्रिजमधली स्टीलची छोटी वाटी घेऊन आलात. मऊ रुमालात गुंडाळून ती तिच्या मनगटावर टेकवलीत. पोर हुंदके देत देत गप्प झाली आणि वाटीकडे बघत राहिली. मी मात्र तेव्हा ओट्याशी जाऊन रडले, ते तुम्हाला दिसलं नसेल.

‘हे इसब आहे, आजी. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून झालेलं नाही.’ दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरबाईंनीही इसबच सांगितलं. पण ते दुसरं वाक्य तुम्ही आधी म्हणालात, आणि माझ्या सुनेसमोर म्हणालात. त्याचे आभार कसे मानू?

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली, पण ती घरात कशी चालवायची ते तुम्ही शिकवलंत. अशा मुलांची कातडी जन्मतःच कोरडी, पाणी धरून न ठेवणारी असते. काहींमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रथिनच कमी पडतं, असं तुम्ही म्हणालात. मला ते नाव समजलं नाही. मला माझ्या माहेरची सारवलेली जमीन आठवली. सारवण चुकलं की तिला चिरा पडायच्या आणि धूळ उठायची. एकदा सारवून वर्षभर भागत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. तिथून पुढे मलम लावायचा एक दिवसही मी चुकवला नाही.

अंघोळ कोमट पाण्याची, पाच ते दहा मिनिटांची, चोळणं नाही. पंचाने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच ओलावा धरून ठेवणारं मलम लावायचं. त्याची पन्नास ग्रॅमची ट्यूब मी महिनाभर पुरवत होते, काटकसर करते असं वाटायचं. तुम्ही पांढऱ्या पॅराफिनचा, म्हणजे व्हॅसलिनसारख्या मलमाचा, अर्धा किलोचा डबा आणायला लावलात, झाकणावर पेनाने तारीख टाकलीत आणि म्हणालात, ‘पंधरा दिवसांत संपला नाही तर मी रागावणार.’ आठवड्याला पाव किलो! मला खरंच वाटेना. डब्यात बोट घालायचं नाही, स्वच्छ चमच्याने काढायचं, अंगावरच्या लवीच्या दिशेने खाली खाली पुसत न्यायचं, हे तुम्ही तिच्या पायावर माझा हात धरून करून दाखवलंत.

आणि स्टिरॉइडची भीती. दुकानातल्या त्या ट्यूबमध्ये जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र होतं, हे तुमच्याकडूनच कळलं. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, तरी ती हातोहात मिळतात. ते ऐकून आम्ही इतके घाबरलो की डॉक्टरबाईंनी दिलेलं सौम्य स्टिरॉइडचं मलमसुद्धा सून चिमूटभरच लावायला लागली. तेव्हा तुम्ही तिची तर्जनी पुढे करायला सांगितलीत आणि टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक रेघ ओढलीत. एक पेर म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. या वयाला एका अख्ख्या हाताला दीड पेर, एका पायाला दोन. ‘कमी लावलं तर आग विझत नाही, धुमसत राहते, आणि मग जास्त दिवस लावावं लागतं.’ पेर हे माप मी उसाला आणि बोटालाच ऐकलं होतं. औषधालाही असतं हे साठीनंतर कळलं.

ओल्या कपड्यांची ती पाच संध्याकाळं तर मी विसरणं शक्य नाही. डॉक्टरबाईंना विचारून, कुठे पू नाही, पिवळी खपली नाही ना हे बघूनच तुम्ही सुरुवात केलीत. मलमं लावून झाल्यावर जुना सुती बनियन आणि विजार कोमट पाण्यातून पिळून अंगात, त्यावर दुसरा कोरडा जोड. इतक्या थंडीत लेकराला ओले कपडे घालायचे म्हणजे माझा जीव खालीवर होत होता. तुम्ही खिडकी लावलीत, आमची गोधडी आणलीत आणि ती झोपेपर्यंत उठला नाहीत. रात्री दीडला मी सवयीने जागी झाले. ती झोपलेली होती. साडेसहापर्यंत झोपलेली होती. सून दर अर्ध्या तासाने तिच्या नाकाशी हात नेऊन बघत होती.

दूध आणि अंडं आम्ही लोकांचं ऐकून बंद केलं होतं आणि पोरीचं वजन उतरत चाललं होतं. त्यावर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. खाल्ल्याबरोबर ओठ सुजले, गांध्या उठल्या तर गोष्ट वेगळी. नुसत्या ऐकीव शंकेवरून लेकराचा घास काढायचा नाही. डॉक्टरबाईंनी सगळी विचारपूस करून दोन्ही पुन्हा सुरू केलं. एरवी तुम्ही इतक्या शांत बोलता, पण ते रागावणं मला फार आवडलं.

फाल्गुनात तिचा दुसरा वाढदिवस झाला. औक्षणाच्या वेळी तुम्ही निरांजनाचं ताट माझ्या हातातून हलकेच मागे घेतलंत. मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, म्हणालात. तेव्हापासून आमच्याकडे ओवाळणं हातभर लांबूनच होतं आणि तिचे कपडे गॅसजवळ वाळत घालत नाही.

इसब गेलं नाही. वारा कोरडा झाला की गुडघ्यामागे लाली येते, पेराचं माप निघतं, चार दिवसांत निवळते. एकाएकी बारीक पाणीदार फोड उठले आणि ताप आला तर घरी काही न करता थेट दवाखाना, हे मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. नखं दर रविवारी कापते. कपडे दोनदा खळबळते.

तुमची ती वाटी अजून आमच्याकडेच आहे. चारदा परत आणून द्यायला निघाले, पण खाज सुटली की ती स्वतःच फ्रिजकडे बोट दाखवते आणि ‘वाती’ म्हणते. दुसऱ्या वाट्या दाखवल्या, तिला चालत नाहीत. म्हणून तशीच नवी, तुमचं नाव घालून, भांडीबाजारातून आणली आहे. रविवारी घेऊन येते, घरी असा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची आजी