पहिल्या वर्षाच्या माफीनंतर काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आरोग्य विम्याच्या पहिल्या वर्षाचा हप्ता सरकारने भरला की नोंदणी वाढते, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. मला काळजी आहे ती तेराव्या महिन्याची, म्हणजे हप्ता स्वतःच्या खिशातून भरण्याची वेळ येते तेव्हा किती कुटुंबे विम्यात टिकतात, याची.

इंडोनेशियात २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा आहे. तो कायद्याने सक्तीचा असला तरी सक्तीची अंमलबजावणी ढिली होती. तेथे सुमारे ६,००० कुटुंबांवर झालेल्या प्रयोगात काहींना ठरावीक मुदतीत नाव नोंदवल्यास वर्षभराचा हप्ता माफ करण्यात आला. एरवी आजारपण समोर दिसू लागले की नाव नोंदवायचे आणि उपचार आटोपले की हप्ता थांबवायचा, असे अनेकांचे चालत असे. माफीमुळे मात्र धडधाकट, कमी खर्चाची माणसेही विम्यात आली. माफी संपल्यावर पुष्कळांनी हप्ता थांबवला, हे खरे. तरीही त्या गटातील विमाधारकांचे प्रमाण माफी न मिळालेल्यांपेक्षा जास्तच राहिले. फुकटाची सवय लागली की लोक पुढे पैसे देत नाहीत, हा नेहमीचा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही.

पण निव्वळ माफी पुरत नाही. निकाराग्वात असंघटित कामगारांना अशीच सवलत दिली गेली आणि ती संपल्यावर १० टक्क्यांहूनही कमी लोक विम्यात उरले. इंडोनेशियातही नोंदणीचा प्रयत्न करणाऱ्या निम्म्याहून अधिक कुटुंबांची नोंदणी पूर्णच होऊ शकली नाही. कागदपत्रांतील नोंदी जुळत नाहीत म्हणून ज्याला खिडकीवरून परत पाठवले, त्याच्यापर्यंत सवलत पोहोचलीच नाही. आणि ज्याला वर्षभरात कार्डाचा उपयोग कसा करायचा हेच कोणी सांगितले नाही, तो पुढचा हप्ता कशाच्या भरवशावर भरणार?

म्हणून माझी विनंती आहे की, माफी जाहीर करण्याआधी नोंदणीतील अडथळे दूर करावेत, माफी एकदम न काढता हप्त्यातील सरकारचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि नूतनीकरणासाठी पुन्हा अर्ज करायला लावू नये. शिवाय योजनेचे यश पहिल्या महिन्यातील नोंदणीवरून न मोजता, चोविसाव्या महिन्यात किती कुटुंबांचा विमा चालू आहे, तो आकडा आपल्या खात्याने जाहीर करावा.

आपला विश्वासू,
एक विमाधारक नागरिक